टोपणनाव आणि सोंग : ‘आनंदघन’ व ‘कमील’ ह्या दोन नावांचा भाषिक विचार

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. नभोवाणीवर चित्रपटगीत लावण्यापूर्वी गीतकार, संगीतकार आणि गायक ह्यांची नावे सांगण्याचा प्रघात श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला होता. १९६० नंतरच्या दशकात कन्हान नदीकाठच्या खाप्यासारख्या विणकरांच्या गावी, हातमागाच्या खटखटीत ज्याने हे निवेदन लक्ष देऊन ऐकले असेल, त्याच्या कानी ‘संगीत आनंदघन, स्वर लता मंगेशकर’ ही जोडी अनेकदा पडली असेल. ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत अशी शंका त्याला येण्याचे काही कारण नव्हते. स्वर ओळखीचा होता, नाव अनोळखी होते. आणि ओळखीच्या स्वराच्या शेजारीच अनोळखी नाव उभे असल्यामुळे ते अधिकच निर्धास्तपणे दडून राहिले.

कलावंताने आपल्या नावाऐवजी दुसरे नाव धारण करणे ही घटना साहित्यात आणि संगीतात इतकी सर्वसामान्य आहे, की तिच्यात दोन अगदी भिन्न व्यापार मिसळलेले आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. एका व्यापारात नाव बदलते, पण बोलणारा तोच राहतो. दुसऱ्यात बोलणाराच बदलल्याचा आभास निर्माण केला जातो, आणि नाव हे त्या नव्या बोलणाऱ्याचे केवळ लेबल असते. मराठीत ह्या दोहोंना दोन स्वतंत्र शब्द पूर्वीपासून आहेत : पहिल्याला टोपणनाव म्हणतात, दुसऱ्याला सोंग. हा भेद भाषेच्या अंगाने, विशेषतः व्याकरणिक लिंगाच्या अंगाने तपासला असता काय दिसते, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी लता मंगेशकर ह्यांचे ‘आनंदघन’ आणि अमेरिकन गायक प्रिन्स ह्याचे ‘कमील’ अशी लोकप्रिय संगीतातील दोन नावे घेतली आहेत. पहिल्या नावाने चार चित्रपट प्रसिद्ध झाले. दुसऱ्या नावाने सिद्ध झालेला गीतसंग्रह प्रसिद्धच झाला नाही.

टोपणनावाचे सर्वांत परिचित उदाहरण खाप्याच्या शेजारीच आहे. राम गणेश गडकरी ह्यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निधन झाले. खापा हे त्याच सावनेर तालुक्यातील गाव. गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ ह्या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ ह्या नावाने. ह्यांपैकी ‘गोविंदाग्रज’ हे टोपणनावाच्या जातीचे आहे. ते केशवसुत, कुसुमाग्रज ह्या नावांप्रमाणे नात्याने बनलेले आहे, आणि ते धारण करणारा कोण, कोणाचा कोण, हे सांगण्याचीच त्याची प्रवृत्ती आहे. ‘बाळकराम’ मात्र थोडा वेगळा आहे. त्याला स्वतःचा स्वभाव आहे, त्याच्या मित्रमंडळींत तिंबूनाना आणि भांबूराव आहेत, त्याच्यावर प्रसंग ओढवतात. बाळकराम हा गडकऱ्यांच्या सोंगाकडे झुकलेला भाग होय. एकाच लेखकाने हे दोन्ही प्रकार वापरावेत, आणि वाङ्मयेतिहासाने दोहोंची नोंद ‘टोपणनावे’ अशा एकाच सदराखाली करावी, ही गोष्ट सूचक आहे.

नागपूरच्याच माणिक गोडघाटे ह्यांनी ‘ग्रेस’ हे नाव घेतले. इंग्रजीत ते स्त्रीचे विशेषनाम म्हणून प्रचलित आहे. तरीही मराठी वाचकाला ते कधी खटकले नाही, कारण ‘ग्रेस म्हणतात’, ‘ग्रेस ह्यांनी लिहिले’ अशा आदरार्थी वाक्यांत कर्त्याचे लिंग मुळी प्रकटच होत नाही. ह्या साध्या निरीक्षणाचा पुढे बराच उपयोग होणार आहे.

लता मंगेशकर ह्यांनी चित्रपटाला संगीत देण्याचा पहिला प्रयत्न स्वतःच्या नावानेच केला होता. ‘राम राम पाव्हणं’ हा तो १९५०च्या दशकातील मराठी चित्रपट. त्यानंतर कित्येक वर्षांनी भालजी पेंढारकर ह्यांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३) ह्या चित्रपटाच्या वेळी ‘आनंदघन’ हे नाव प्रथम आले. ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९) हे त्या नावाचे पुढील चित्रपट; चारही भालजींचेच. ह्या नावाच्या उगमाची जी हकीकत सांगितली जाते तिचा सारांश असा, की भालजींना वेळेवर संगीतकार मिळेना, तेव्हा लताबाईंनी ते काम आपण करावे असे सुचविले. भालजींना मात्र काम फसले तर त्यांच्या नावाला उणेपणा येईल अशी धास्ती वाटली, आणि त्यातून दुसऱ्या नावाचा तोडगा निघाला. हकीकतीचा तपशील कसाही असो, नाव घेण्याचा हेतू झाकण्याचा होता एवढे त्यातून स्पष्ट होते.

झाकण्यासाठी निवडलेला शब्द मात्र साधा नाही. ‘घन’ ह्या संस्कृत शब्दाचे ‘मेघ’ आणि ‘दाट, भरीव’ असे दोन्ही अर्थ आहेत. पहिला अर्थ घेतला तर ‘आनंदघन’ म्हणजे आनंदाचा मेघ. दुसरा घेतला तर, उपनिषदांतील ‘विज्ञानघन’ किंवा वेदान्तातील ‘चिद्घन’ ह्या शब्दांच्या चालीवर, ज्यात आनंदावाचून दुसरे काही नाही असा आनंदाचा गोळा. संतवाङ्मयाला हा दुसरा अर्थ जवळचा आहे. शिवाय हा शब्द नाममुद्रा म्हणून वापरण्याची वहिवाटही जुनी आहे : सतराव्या शतकातील जैन साधुकवी ‘आनंदघन’ ह्याच नावाने पदे रचीत असे, आणि हिंदी रीतिकालातील घनानंद ह्याच्या कवितेतही ‘आनंदघन’ ही मुद्रा आढळते. म्हणजे ज्या नावाने स्वतःला झाकले ते नाव स्वतःच पूर्वीच्या टोपणनावांच्या ओळीतले होते.

ह्याच संदर्भात एक गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे. ‘घन’ शब्दाचे मूळ ‘हन्’, म्हणजे प्रहार करणे, ह्या धातूत आहे, आणि त्याचा आणखी एक संस्कृत अर्थ ‘मोठा हातोडा’ असा आहे. मराठीत तो तद्भव रूपाने ‘घण’ म्हणून लोहाराच्या भात्याशेजारी आजही नांदतो. भारतीय वाद्यांच्या तत, अवनद्ध, घन आणि सुषिर ह्या चार वर्गांपैकी टाळझांजांचा जो वर्ग तोही ‘घन’च. आनंदघन ह्या नावावर जे गाणे सर्वांत अधिक गाजले ते ‘साधी माणसं’मधील, जगदीश खेबुडकर ह्यांनी लिहिलेले लोहाराचे गाणे, ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे असावे, हा निव्वळ योगायोग आहे. पण नावाच्या पोटात दडलेला घण अशा रीतीने ऐरणीपर्यंत पोहोचला, हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला सुखावून जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. ‘आनंदघन’ हा शब्द मराठीत पुल्लिंगी आहे. तो धारण करणारी व्यक्ती स्त्री होती. मराठीसारख्या भाषेत, जिथे क्रियापद पदोपदी कर्त्याचे लिंग मागते, तिथे असे नाव सहा वर्षे आणि चार चित्रपट निभावून कसे नेता आले? भाषेने फितुरी कशी केली नाही?

ह्याचे उत्तर मराठीच्या प्रयोगव्यवस्थेत आहे. संगीतकाराविषयी जी वाक्ये व्यवहारात लागतात ती पाहावीत. श्रेयनामावलीत ‘संगीत : आनंदघन’ असे असते, तिथे क्रियापदच नाही. वृत्तपत्र लिहिते, ‘आनंदघन ह्यांनी सुरेख चाली बांधल्या आहेत’. हा कर्मणी प्रयोग आहे, त्यातील ‘बांधल्या’ हे रूप ‘चाली’ ह्या कर्माचे लिंगवचन घेते आणि कर्त्याविषयी मौन पाळते. ‘आनंदघन ह्यांचे संगीत लोकप्रिय झाले’. येथे षष्ठीचा प्रत्यय संगीताच्या लिंगाप्रमाणे चालतो. ‘आनंदघन ह्यांना पुरस्कार मिळाला’. येथे क्रियापद पुरस्काराच्या मागे जाते. ‘आनंदघन पुढील चित्रपटासही संगीत देतील’; भविष्यकाळात लिंगभेद नाही. ‘आनंदघन चांगले संगीत देतात’. वर्तमानकाळी आदरार्थी बहुवचनातही नाही. कर्तृत्व जिथे सांगितले जाते तिथे कर्त्याचे लिंग सांगावे लागत नाही, असा हा मराठीचा विलक्षण गुण आहे. केलेल्या कामाविषयी बोलताना भाषा कामाकडे पाहते, करणाऱ्याकडे पाहत नाही.

लिंग फुटते ते मुख्यतः अकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी. ‘आनंदघन आले’ म्हणावयाचे की ‘आनंदघन आल्या’? माणूस जोवर केवळ कर्ता आहे तोवर तो झाकलेला राहू शकतो. तो येऊ लागला, बसला, उठला, हसला, की क्रियापद त्याला उघडे पाडते. आनंदघन हे नाव कोठेही ‘येत’ नव्हते. ते फक्त ‘देत’ होते. म्हणून ते सुरक्षित होते.

‘साधी माणसं’च्या संगीताला महाराष्ट्र शासनाचा चित्रपट पुरस्कार मिळाला. त्या समारंभाची आख्यायिका अशी सांगतात, की आनंदघन ह्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा कोणीच उठले नाही; मग सूत्रसंचालकाने हे संगीतकार म्हणजे सभागृहातच बसलेल्या लता मंगेशकर आहेत असे जाहीर केले, आणि त्या उठून गेल्या. आख्यायिकेला रंग चढलेला असणे शक्य आहे. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने तिचे ठिकाण अचूक आहे. पुरस्कार ‘मिळाला’ इथपर्यंत नाव टिकू शकत होते. तो घेण्यासाठी कोणीतरी ‘आले’ किंवा ‘आल्या’ असे म्हणण्याची वेळ आली, तेव्हा ते गळून पडले.

ह्या बाबतीत नागपूर भागातील बोली प्रमाण मराठीपेक्षाही पुढे गेलेली आहे, ह्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. प्रमाण भाषेत ‘तो गातो, ती गाते’ असा भेद आहे. वऱ्हाडी-नागपुरीत तृतीय पुरुषी एकवचनात ‘तो गाते, ती गाते’ असे दोहोंना एकच रूप चालते. आणि प्रथम पुरुषात स्त्रियांच्या तोंडूनही ‘मी येतो’, ‘मी करतो’ अशी रूपे ह्या भागात सर्रास ऐकू येतात. पुण्याचा माणूस ह्याला अशुद्ध ठरवून मोकळा होतो. वस्तुतः ही बोलीची स्वतःची व्यवस्था आहे. तिने वर्तमानकाळी लिंगभेदाची गरज मानलेली नाही. खाप्याच्या बाजारात ‘आनंदघन ब्येस गाणं बनवते’ असे कोणी म्हटले असते, तर त्या वाक्यावरून स्त्रीचाही बोध झाला नसता आणि पुरुषाचाही नाही. आणि तेथील ऐकणाऱ्याला त्यात काही उणेही वाटले नसते.

तथापि, लिंग झाकता येते म्हणून ते झाकण्याचे कारणही लिंगच होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अलीकडे असा निष्कर्ष फार सहज काढला जातो : संगीतरचना हे पुरुषांचे क्षेत्र, म्हणून स्त्रीने पुरुषी नाव घेतले. ह्याच्या बाजूने काही पुरावा जरूर आहे. बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्या’ (१९३६) ह्या चित्रपटाच्या संगीतकार सरस्वतीदेवी ह्यांचे मूळ नाव खुर्शीद मिनोचेर-होमजी. पारशी समाजाच्या रोषामुळे त्यांना नाव बदलावे लागले. पण तिथेही बदललेले नाव स्त्रीचेच होते, आणि झाकावयाचा होता तो समाज, लिंग नव्हे. उषा खन्ना ह्यांनी ‘दिल देके देखो’ला (१९५९) स्वतःच्या नावाने संगीत दिले. लताबाईंनीही पहिला चित्रपट स्वतःच्या नावाने केला होता. ‘मराठा तितुका मेळवावा’तील ‘रेशमाच्या रेघांनी’, ‘शूर आम्ही सरदार’ ही गाणी लिहिणाऱ्या शान्ता शेळके ह्यांनी अन्यत्र ‘वसंत अवसरे’ ह्या पुरुषी नावाने गीते लिहिली आहेत हे खरे. परंतु ह्याच चित्रपटात त्या स्वतःच्या नावाने वावरतात. म्हणजे ज्या चित्रपटात कवयित्रीने नाव उघड ठेवले त्यातच संगीतकर्तीने ते झाकले.

अधिक संभवनीय असे दुसरे एक कारण दिसते. मात्र ते अनुमान आहे हे विसरू नये. १९६३ साली लता मंगेशकर हे नाव केवळ एका गायिकेचे नव्हते. त्या वेळच्या बहुतेक प्रमुख संगीतकारांचे काम त्या स्वरावर उभे होते. अशा गायिकेने संगीतकार म्हणून उघडपणे पुढे येणे म्हणजे ज्यांच्यासाठी गावयाचे त्यांच्याच पंक्तीत जाऊन बसणे होय. टोपणनावाने ही अडचण टळते. त्याने व्यक्ती दोन होत नाहीत, पण एका व्यक्तीच्या दोन व्यवसायांमध्ये भिंत उभी राहते. टोपणनावाचे खरे कार्य हेच : ते ‘कोण’ ह्या प्रश्नाचे उत्तर पुढे ढकलते, ‘कसे’ ह्याला हातही लावत नाही. ‘ऐरणीच्या देवा तुला’मधील स्वर एका स्वरांशानेही बदललेला नाही. श्रोत्याला सर्व काही ऐकू येत होते. केवळ एक जोड त्याला ठाऊक नव्हती.

सोंगाची गोष्ट नेमकी उलटी आहे. सोंग कोणाचे आहे हे सर्वांना ठाऊक असते. किंबहुना ठाऊक असल्यावाचून सोंगाला गंमतच नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून वासुदेव, जोशी, भुत्या आणली, तशीच जोगवा मागणारी आणि सासुरवाशीणही आणली. सासुरवाशिणीच्या भारुडात ‘मी’ स्त्रीलिंगी असतो. क्रियापदे, विशेषणे, संबोधने सारी बाईची. आणि शेवटच्या चरणात ‘एका जनार्दनी’ ही पुरुषाची नाममुद्रा येते. एकाच पदात दोन बोलणारे, दोन लिंगे, आणि दोहोंमध्ये कसलीही लपवालपवी नाही. रंगभूमीवर बालगंधर्व स्त्रीभूमिकेत ‘मी गेले, मी आले’ म्हणत तेव्हा नारायण श्रीपाद राजहंस हे पुरुष आहेत ह्याचा विसर कोणाला पडत नव्हता. सोंगात नाव उघडे असते आणि आवाज, वेष, व्याकरण हे बदलते.

‘कमील’ हे ह्या अर्थाने सोंग होते. प्रिन्स रॉजर्स नेल्सन (१९५८–२०१६) हा मिनिआपोलिसचा गायक, वादक आणि गीतकार. टोपणनावे त्यालाही वर्ज्य नव्हती : दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या गाण्यांवर तो कधी ‘अलेक्झांडर नेव्हरमाइंड’, कधी ‘ख्रिस्टोफर’ अशी नावे घाली, ‘बँगल्स’ ह्या गायिकांच्या संचाने १९८६ साली लोकप्रिय केलेले ‘मॅनिक मंडे’ हे ‘ख्रिस्टोफर’च्याच नावावर आले. ही नावे आनंदघनच्या जातीची. परंतु त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याने जे केले ते वेगळे होते. ध्वनिफितीचा वेग कमी ठेवून त्याने त्यावर आवाज मुद्रित केला आणि ती फीत नेहमीच्या वेगाने वाजविली. त्यामुळे जो उंच, किंचित पातळ, वयाचा व लिंगाचा अंदाज न देणारा आवाज निघाला, त्याला ‘कमील’ असे नाव दिले. त्या आवाजातील आठ गाण्यांचा संग्रह सिद्ध झाला. त्याचे नाव ‘कमील’ आणि गायकही कमीलच. प्रिन्सचे नाव त्यावर घालावयाचे नव्हते. संग्रहाच्या चाचणी-तबकड्याही निघाल्या होत्या.

हा आवाज विचित्र का वाटतो ह्याचे ध्वनिशास्त्रीय कारण स्पष्ट आहे, आणि ते येथे थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल. मानवी आवाजाची उंची स्वरतंतूंच्या कंपनसंख्येवर अवलंबून असते. त्याचा ‘पोत’ मात्र घसा, तोंड व ओठ ह्यांच्या पोकळीत निर्माण होणाऱ्या अनुनादांवर. पुरुष आणि स्त्री ह्यांच्या आवाजांत ह्या दोन्ही गोष्टी भिन्न असतात, पण सारख्याच प्रमाणात नव्हे. पीटरसन आणि बार्नी ह्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या स्वरांच्या मोजमापांवरून असे दिसते, की बोलताना स्त्रियांची सरासरी कंपनसंख्या पुरुषांच्या सुमारे पावणेदोन पट असते, तर अनुनाद साधारणपणे १५ ते २० टक्क्यांनीच वर असतात. कारण स्वरतंतूंत जेवढा फरक आहे तेवढा मुखपोकळीच्या लांबीत नाही.

ध्वनिफितीचा वेग वाढविला की मात्र कंपनसंख्या आणि अनुनाद हे दोन्ही एकाच गुणोत्तराने चढतात. वेग सुमारे ६ टक्के वाढविला तर आवाज अर्ध्या स्वराने वर जातो. अनुनाद स्त्रीच्या आवाजाइतके वर नेण्यासाठी वेग सुमारे १९ टक्के, म्हणजे तीन अर्धस्वरांइतका, वाढवावा लागेल. पण तेवढ्याने उंची स्त्रीच्या उंचीपर्यंत पोहोचत नाही. उंची तिथपर्यंत नेली तर अनुनाद लहान मुलाच्याही वर निघून जातात. निसर्गात ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रमाणात बदलतात त्या यंत्राने एकाच प्रमाणात बदलल्या, म्हणून निर्माण झालेला गळा कोणत्याही प्रत्यक्ष गळ्याशी जुळत नाही. कान त्याला पुरुषांत बसवू पाहतो, स्त्रियांत बसवू पाहतो, आणि दोन्हीकडून परत येतो. त्यात आणखी एक भर पडते : मूळ गायन संथ तालावर होत असल्यामुळे व्यंजनांचे उच्चार आणि स्वरांचे कंप वेगाने वाजविताना किंचित आखूड व लगबगीचे होतात.

नावाची निवडही ह्याला साजेशी होती. ‘कमील’ हे फ्रेंच नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही. काही अभ्यासकांनी ह्या निवडीचा संबंध एकोणिसाव्या शतकातील एर्क्युलीन बार्बँ ह्या फ्रेंच व्यक्तीच्या आत्मवृत्ताशी जोडला आहे. मुलगी म्हणून वाढलेल्या व पुढे कायद्याने पुरुष ठरविलेल्या ह्या व्यक्तीने स्वतःचा उल्लेख ‘कमील’ ह्या नावाने केला आहे आणि स्वतःविषयी दोन्ही लिंगांची रूपे वापरली आहेत. मिशेल फूको ह्यांनी ते आत्मवृत्त १९७८ साली पुन्हा प्रकाशात आणले. प्रिन्सला ते ठाऊक होते किंवा नव्हते, हा प्रश्न भाषिक विचाराच्या दृष्टीने गौण आहे. फ्रेंच लिहिणाऱ्याला विशेषणागणिक लिंग निवडावे लागते. इंग्रजी गाणाऱ्याला ते लागत नाही, हा मुद्दा महत्त्वाचा.

त्याची कसोटी ह्या संग्रहातील ‘इफ आय वॉज युअर गर्लफ्रेंड’ ह्या गाण्याच्या नावातच आहे. हे नाव मराठीत आणण्याचा प्रयत्न करून पाहावा. ‘मी तुझी मैत्रीण असते तर’ असे म्हटले, तर बोलणारी आधीपासूनच स्त्री ठरते, आणि पुरुषाने स्त्री होण्याची कल्पना करणे हा जो सारा गाण्याचा ताण आहे तो नाहीसा होतो. ‘मी तुझी मैत्रीण असतो तर’ असे म्हटले, तर पुरुष उरतो, पण ‘मैत्रीण’ आणि ‘असतो’ एकमेकांशी भांडू लागतात. इंग्रजी क्रियापद त्या मधल्या जागेत निवांत उभे राहते. प्रमाण मराठी क्रियापदाला तिथे पाय ठेवायलाच जागा नाही. जे मराठीने कर्मणी प्रयोगात आनंदघनला देऊ केले ते ती ह्या सशर्त वाक्यात कमीलला देत नाही. भाषांतरकाराने ‘असतो’च ठेवावे आणि तो विसंवाद तसाच कानावर पडू द्यावा, हे त्यातल्या त्यात बरे.

अशा रीतीने ही दोन नावे परस्परांच्या उलट बाजूंनी उभी आहेत. आनंदघनमध्ये आवाज उघडा आणि नाव झाकलेले. कमीलमध्ये नावाचा मालक सर्वांना ठाऊक आणि आवाज झाकलेला. म्हणूनच त्यांचा शेवटही वेगळा झाला. टोपणनाव एकदा उकलले की त्याचे काम संपते : पुरस्काराने रहस्य फुटल्यानंतर आनंदघन ह्या नावावर ‘तांबडी माती’ हा एकच चित्रपट आला. सोंगाला उकलण्याचे भय नसते. कमीलचा स्वतंत्र संग्रह मागे घेतला गेला. त्यातील गाणी आधी ‘क्रिस्टल बॉल’ ह्या तीन तबकड्यांच्या योजनेत घालण्यात आली. वितरक कंपनीला तेवढा मोठा संच मान्य न झाल्यामुळे तीही योजना बारगळली, आणि ३१ मार्च १९८७ रोजी ‘साइन ओ’ द टाइम्स’ ही दोन तबकड्यांची मालिका प्रसिद्ध झाली. तीत कमीलच्या आठांपैकी तीन गाणी आली, आणि श्रेयनामावलीत गायक म्हणून ‘कमील’ हे नाव प्रिन्सच्याच तबकडीवर छापले गेले. म्हणजे ज्या पुस्तकात पात्र यावयाचे ते पुस्तक निघाले नाही, पण पात्र दुसऱ्याच पुस्तकात येऊन बसले. पुढल्या वर्षी ‘लव्हसेक्सी’ ह्या दौऱ्याच्या पुस्तिकेत तर ह्या पात्राला एक छोटी कथाही मिळाली : कमीलने दुष्ट प्रेरणेच्या आहारी जाऊन एक काळा संग्रह निर्माण केला, अशी.

तो काळा संग्रहही खरोखरच होता. डिसेंबर १९८७ मध्ये तो प्रसिद्धीच्या उंबरठ्यावरून प्रिन्सने परत घेतला, आणि १९९४ साली तो अधिकृतपणे बाहेर आला. कमीलचे ‘रॉकहार्ड इन अ फंकी प्लेस’ हे गाणे त्यात होते. ‘शॉकाडेलिका’ १९८७ साली एका लहान तबकडीच्या मागील बाजूस आले, ‘गुड लव्ह’ १९८८ साली ‘ब्राइट लाइट्स, बिग सिटी’ ह्या चित्रपटाच्या संगीतात, ‘फील यू अप’ १९८९ साली आणखी एका तबकडीच्या मागील बाजूस. आठवे आणि संग्रहात पहिले असलेले ‘रीबर्थ ऑफ द फ्लेश’ त्याच्या मूळ रूपात २०२० साली, गायकाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, ‘साइन ओ’ द टाइम्स’च्या विस्तृत आवृत्तीत प्रसिद्ध झाले. चौतीस वर्षांत आठही गाणी अशी एकेक करून बाहेर आली. गायकाच्या हयातीत ती ठरलेल्या क्रमाने, एका तबकडीवर, कमीलच्या नावाखाली मात्र कधी आली नाहीत.